भेगेखालचं पाणी

ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांना अजून पत्र्याची छपरं असायची, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका मंदिराच्या दारात वाटसरूंसाठी रांजण होता, आणि त्याला साखळीने बांधलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मग.

एका रविवारी उपासना चालू असतानाच जमाव आत घुसला. "बाटगे!" असं ओरडत त्यांनी बाकं मोडली, दगड मारले. एक दगड रांजणाचा गळा फोडून आत पडला. साखळीला लटकलेला मग थरथरत राहिला. काल याच हातांनी त्याला उचलून पाणी प्यायलं होतं!

दुसऱ्या दिवशी भर उन्हात गेनू गवंडी आला. तो दगड त्यानेच मारला होता. आता घशाला कोरड पडली होती.

"याला पाणी?" मग किंचाळला. "मी कलंडतो. एक थेंब देणार नाही!"

"मी वरच्या अंगाला फुटलोय," रांजण म्हणाला. "भेगेखाली पाणी आहे."

"म्हणजे झालं गेलं विसरायचं?"

"विसरायचं कुणी सांगितलं? तू तळापर्यंत जा."

गेनूने मग बुडवला. तळाशी खट्ट वाजलं. मग वर आला तेव्हा त्यात गार पाणी होतं आणि पाण्यात टाकीच्या, छिन्नीच्या, घावांनी घडवलेला दगड. गेनूने आपल्या टाकीचे घाव ओळखले. त्याचा हात तोंडापाशीच थिजला.

दारात मोडकं बाक ठोकत बसलेले शांतवन मास्तर म्हणाले, "पोटभर प्या, गेनूभाऊ. दगड तेवढा घेऊन जा. तो तुमचा आहे."