कोकराच्या कुशीतली ऊब

पौष वद्य तृतीया. सकाळपासून हिम भुरभुरत होते आणि वारा बोचरा होता.

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी केतुमान राजा राज्य करीत असताना, अशा दिवशी बोधिसत्त्वाच्या कळपात हंगामातले पहिले कोकरू जन्मले. त्या जन्मी बोधिसत्त्व मेंढपाळ होता. मेहुणा सालक त्याच्या जोडीला मेंढ्या राखीत असे.

तेथील रीत अशी, की हंगामातला पहिला चीक जो ग्रामणीच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, घरी पोचवील, त्याला वर्षभर नदीकाठचे कुरण मिळे. मेंढी पहिलटकरीण होती. चीक जेमतेम वाटीभर निघाला. कोकरू ओलेचिंब, निपचित पडले होते.

सालकाने त्याला हलवून पाहिले. “दाजी, हे कुडकुडतसुद्धा नाही. थंडीने नेलं याला. वाटी द्या इकडे. पलीकडच्या कळपाचा भद्रक त्याचा चीक घेऊन निघालासुद्धा असेल.”

कुडकुडेल ते जगेल, निपचित पडेल ते गेले, असे त्या डोंगरातले सारेच मानीत.

बोधिसत्त्वाने सालकाचा हात धरून कोकराच्या कुशीत, बरगड्यांमागे ठेवला. कान गारठलेले होते, पण तिथे ऊब होती. सालक चमकला.

“ही कुठून आली?”

“आईच्या पोटातून शिदोरी बांधून आणली आहे त्याने. जन्मताच गेलेल्या कोकरांत मी पाहिली आहे, मूत्रपिंडांना बिलगलेली तपकिरी चरबी. ती जाळून हे अंग तापवतं, न कुडकुडता. उपाशी मेलेल्यांत मात्र ती उरलेली नसते.”

“एवढासा जीव, आणि स्वतःची शेगडी घेऊन आला!”

“सरपण संपत आलंय त्याचं. पुढचं सरपण या वाटीत आहे.”

“आणि कुरण? ताईला काय सांगू? तुझा नवरा कुरण कोकराला पाजून आला म्हणून?”

“अगदी तसंच सांग,” बोधिसत्त्व हसला.

त्याने आपल्या घोंगडीने कोकराला कोरडे केले आणि बोट बुडवून चीक चाटवू लागला. सालकाचा हात अजून कुशीतच होता. हळूहळू ती ऊब पाठीकडे पसरताना त्याला तळव्याखाली कळत गेली. मग तो वाऱ्याच्या बाजूला पाठ करून आडोसा धरून बसला. वाटी रिकामी झाली.

दुपारी कोकरू उठले आणि आईला लुचू लागले. कुरण भद्रकाला मिळाले.

ही कथा भिक्षूंना सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ओळख पटवून दिली: तेव्हाचा सालक म्हणजे आज आजारी भिक्षूंच्या उशाशी बसणारा थेर, हा वडीलधारा भिक्षू, ते कोकरू म्हणजे काल तापातून उठलेला नवा श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्षू, आणि तो मेंढपाळ मीच होतो. ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता.