मुकिंदाभावजींचं लेझीम पथक

पिंपळखोरीत मुकिंदा नावाचा एक गडी राहायचा. मनानं लोणी, पण भोळा म्हणजे अगदीच भोळा. आई म्हणाली, "दुधाकडं बघ रे," तर यानं दूध पार चुलीत जाईपर्यंत एकटक बघितलं. वर म्हणाला, "सगळं बघितलं आई. एक थेंब नजरेतून सुटला नाही."

त्याची वहिनी शेवंता मोठी हौशी. तिनं गावातल्या बायकांचं लेझीम पथक उभं केलं होतं. सगळ्यांना हिरवी नऊवारी, भगवा फेटा आणि पाऊलही एकसारखं. जिल्ह्याच्या स्पर्धेत एकदा तरी नाचायचं, एवढीच तिची इच्छा. पण सासरे वैतागले होते. "यंदा निवड झाली तर झाली," ते म्हणाले, "नाहीतर त्या लेझमी माळ्यावर टाका आणि गप कामाला लागा."

स्पर्धेसाठी मोबाइलवरून पथकाचा फोटो, गाणं आणि व्हिडिओ पाठवायचा होता. पण फाइल लहान पाहिजे. मोठी असली की परत. आणि घरात चांगला मोबाइल कुणाकडं? एकट्या मुकिंदाकडं. झालं!

"भावजी, फोटो लहान पाहिजे हं," वहिनी म्हणाली.

मुकिंदा समोरच्या टेकडीवर चढला आणि तिथून त्यानं फोटो काढला. बायका मुंगीएवढ्या दिसल्या. आणखी किती लहान करायच्या? तरी फोटो परत आला.

"अहो भावजी, यात आम्ही कुठं आहोत?"

"ते हिरवे ठिपके बघा. ते तुम्ही."

"अहो, सगळा डोंगरच आणलात की! जवळून काढा. आणि आजूबाजूचं नको ते कापून टाका."

"मग आधी सांगायचं की, वहिनी!"

कापल्यावर फोटो गेला. मुकिंदानं मनाशी पक्कं केलं, आजूबाजूचं कापायचं.

मग गाण्याची पाळी आली. गाणं होतं लांबलचक. मुकिंदानं पुढचं कापलं, मागचं कापलं, मधलं तेवढं ठेवलं. आता नेमके मधेच हलगीवाले दौलूतात्या खोकले होते. वहिनीनं मोबाइल कानाला लावला. "ख्यॅक, ख्यॅक."

"हे काय?"

"गाणं. आजूबाजूचं सगळं काढलंय."

"अहो, गाणं असं कापतात होय? ते हलकं करायचं. आवाजाचा दर्जा थोडा कमी करायचा. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

तिनं स्वतः बटण दाबून दाखवलं आणि गाणं गेलं. मुकिंदानं मनाशी पक्कं केलं, हलकं करायचं. कुणाला कळत नाही.

आता व्हिडिओ. वहिनी गेली होती पाण्याला. तोवर मुकिंदानं बायकांना देवळापुढं उभं केलं.

"आज जरा हलकं नाचा," तो म्हणाला. "पाय उचलल्यासारखं करा, पण उचलू नका. लेझीम वाजवू नका."

"अन् हलगी रे?" तात्यांनी विचारलं.

"तिच्यावरून नुसता हात फिरवा. बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

व्हिडिओत बायका बसची वाट बघत उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. तात्या हलगीला मांजरासारखं कुरवाळत होते. आणि एवढं करून फाइल गेली का? नाही गेली.

वहिनीला रडूच फुटलं. पाठवायची मुदत संपत आली होती. नशीब, मोबाइलमध्ये आधीच्या सरावाचा एक चांगला व्हिडिओ होता. तिनं मुकिंदाला तसाच धरून तालुक्याला नेलं. तिथल्या कॉम्प्युटर सेंटरवाल्या हसीनाताईंनी व्हिडिओ बघितला.

"सोपं आहे," त्या म्हणाल्या. "जे सारखं सारखं दिसतं, ते एकदाच ठेवायचं. बाकीचं पाठवायचंच नाही. तिकडं पोचलं की ते भरून निघतं."

मुकिंदानं आ वासला. "आपोआप?"

"आपोआप."

व्हिडिओ भुर्रकन गेला. पथकाची निवड झाली! सासऱ्यांनी स्वतः पेढे वाटले. वहिनीचा आनंद तर गगनात मावेना.

स्पर्धेच्या दिवशी वहिनी नावनोंदणीसाठी पहाटेच्या एसटीनं पुढं गेली. जाताना म्हणाली, "भावजी, टेम्पोनं पथक वेळेत आणा. माझी लाज तुमच्या हातात आहे."

"काळजीच नको, वहिनी!"

टेम्पो आला. बायका नटूनथटून रांगेत उभ्या राहिल्या. मुकिंदानं रांग निरखली. हीच साडी, हाच फेटा, हीच नथ. पुढची बघितली, तीही तशीच. मग त्यानं रांगेत पहिली उभी असलेल्या एकट्या गोदाक्काला वर चढवलं. दौलूतात्या वेगळे दिसत होते, म्हणून त्यांनाही घेतलं. आणि फळका लावून टाकला.

"चल रे!" तो ड्रायव्हरला म्हणाला.

"अरे मुकिंदा! मेल्या, आम्ही राहिलो की!" बायका टेम्पोमागं पळत सुटल्या.

मुकिंदानं प्रेमानं हात हलवला. "पळू नका, दमाल! तुम्ही तिकडं पोचालच!"

मैदान माणसांनी भरलं होतं. "आता येत आहे पिंपळखोरीचं पथक!" अशी घोषणा झाली आणि त्याच वेळी टेम्पो येऊन थांबला. वहिनी धावतच आली. टेम्पोतून गोदाक्का उतरली. मग तात्या उतरले. मग नुसताच टेम्पोचा रिकामा हौदा दिसला.

"भावजी," वहिनीनं हौद्यात डोकावून विचारलं, "बाकीच्या कुठं आहेत?"

मुकिंदानं स्टेजवर बघितलं. स्टेजच्या मागं जाऊन बघितलं. तो बुचकळ्यात पडला. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला, हात उंच करून इकडं तिकडं फिरवला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"घाबरू नका, वहिनी," तो म्हणाला. "येतायत सगळ्या. इथं रेंज कमी आहे."