पालथे वाडगे

एका तळ्याच्या दोन अंगांना दोन गावं होती. खालच्या अंगाला केळीच्या बागांचं गाव, वरच्या अंगाला डोंगरावरच्या गुराख्यांचं. खालचे म्हणायचे ‘आमचं तळं’, वरचेही म्हणायचे ‘आमचं तळं’. आणि आपण एकाच तळ्याबद्दल बोलतोय हे कुणाच्याच ध्यानात येत नसे.

खालच्या गावाची एक कारभारीण होती. कामाला वाघीण, तोंडाने फटकळ आणि मनाने मायाळू. तिच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं कुणाला आठवत नव्हतं.

एका उन्हाळ्यात केळी सुकू लागल्या. तळ्यातून बागांपर्यंत पाट खणावा, असं कारभारणीच्या मनात आलं. पण वरच्यांना न विचारता कुदळ मारणं तिला पटेना. तिने त्यांना सभेला बोलावलं, आणि तिच्या घरची सभा म्हणजे आंबील आलीच.

सगळ्यांपुढे वाडगे ठेवून तिने विचारलं, “पाट खणायचा म्हणतो आम्ही. तुमचं काय म्हणणं?”

वरच्या गावाचा म्हातारा नाईक काही बोलला नाही. वाडग्यातली आंबील त्याने पिऊन टाकली आणि वाडगा पालथा ठेवला. मग त्याच्या माणसांनीही एकेक करून तेच केलं.

खालच्या गावात पालथा वाडगा म्हणजे पोट भरल्याची खूण. कारभारीण उठलीच. “एवढ्यात पोट भरलं? माझ्या दारात हे चालायचं नाही!” तिने आपल्या हाताने सगळे वाडगे सुलटे केले आणि काठोकाठ भरले. नाईकाने आपला पुन्हा पालथा घातला. तिने तो पुन्हा सुलटा केला. “लाजता काय नाईकबाबा, घ्या!”

नाईक उठला आणि भरले वाडगे तसेच सोडून आपल्या माणसांसह निघून गेला.

“पोटात जागाच नव्हती बिचाऱ्यांच्या,” कारभारीण समाधानाने म्हणाली. सभा झाली, खाणंपिणं झालं, कुणी भांडलं नाही, म्हणजे एकमत झालं, असं मानणारे पुढारी तेव्हाही होते.

पाट खणला गेला. वरच्या गावातलं कुणी मदतीला फिरकलं नाही. केळी तरारल्या आणि तळं आटत गेलं. वरच्या काठाला नुसता चिखल उरला. पाण्याला आलेली गुरं त्यात रुतू लागली.

“आंबील ढोसायला बरे आले होते,” गोंदाजी बागवाला म्हणाला, “आणि कामाच्या वेळी गडप!”

मग एका सकाळी डोंगरापलीकडून धूर वर आला. वणवा! वारा फिरला की तो आधी वरचं गाव खाणार आणि मग वाळल्या गवतावरून थेट बागांत उतरणार, हे पोरासोरांनाही कळत होतं.

कारभारीण धापा टाकत डोंगर चढली. आगीला खायला काही उरू नये म्हणून वरचे लोक माथ्यावर गवत कापून मोकळा पट्टा काढत होते. पट्टा लांबच लांब आणि माणसं मूठभर.

“आम्हाला हाक का नाही मारली?” तिने विचारलं.

“हाक मारून ऐकता होय तुम्ही?” नाईकाचा विळा थांबला नाही.

“म्हणजे? भर सभेत पाटाला हो म्हणालात...”

आता विळा थांबला. “हो? वाडगे पालथे घातले की आम्ही! आमच्यात पालथा वाडगा म्हणजे ‘हे मान्य नाही’. आणि तुम्ही तो सुलटा केलात बाई. आपल्या हाताने. असा अपमान आमच्या बापजाद्यांनी पाहिला नव्हता.”

कारभारणीला एकेक वाडगा आठवला. पण गप्प बसेल तर ती कारभारीण कसली! “अहो, देवाने तोंड दिलंय ना तुम्हाला? बोलायचं की!”

“जिचं अन्न खातोय तिला तोंडावर नाही म्हणायचं? इतके उद्धट नाही आम्ही.”

“आणि पाहुण्याचा रिकामा वाडगा बघत बसायचं? इतकी कंजूष नाही मी!”

नाईकाच्या मिशा थरथरल्या. तो हसत होता.

“आता तोंडाने सांगा,” ती हळू आवाजात म्हणाली. “पाट का नको होता?”

“गुरांना पाणी लागतं. आणि वणवा आला की गोणपाटं भिजवायलाही लागतं. यात गुपित काय आहे?”

गुपित काहीच नव्हतं. तिने विचारून उत्तराची वाट मात्र पाहिली नव्हती.

ती खाली आली आणि तिने गाव पाटाच्या तोंडाशी गोळा केलं. “वरच्यांनी नाही म्हटलं होतं. मला कळलं नाही. चूक माझी. पाट बुजवा आणि विळे, गोणपाटं घेऊन वर चला.”

“कारभारीणबाई, माझे घड पोसायला आलेत!” गोंदाजी कळवळला. “आत्ता पाणी तोडलं तर केळं बोटाएवढं राहील!”

“पाटावरची पहिली बाग माझी आहे, गोंदाजी. माझं करंगळीएवढं राहील.” आणि मातीची पहिली पाटी तिने स्वतः टाकली.

दुपारी वारा फिरला. आग माथ्यावर आली तेव्हा तिच्यापुढे मोकळा पट्टा होता, आणि पट्ट्यावर ओली गोणपाटं घेतलेली दोन गावं. तळ्यातलं उरलेलं पाणी हातोहात वर चढत होतं. आग तिथेच विझली. गोंदाजीची अर्धी मिशी तेवढी जळाली.

मग पुन्हा सभा भरली. कुणाला किती पाणी, हे ठरत असताना गोंदाजीने आपला वाडगा पालथा घातला. सवयीने कारभारणीचा हात पुढे गेला. तिने तो आवरला. नाईक अदबीने म्हणाला, “बोला गोंदाजी. काय मान्य नाही तुम्हाला?”

“अहो, सगळं मान्य आहे!” गोंदाजी कण्हला. “पोट फुटायला आलंय माझं!”

हशा ओसरल्यावर कारभारीण म्हणाली, “असू दे. तरी विचारलेलं बरं.”

तात्पर्य काय, तर समोरच्याचा वाडगा पालथा दिसला की त्याचा अर्थ आपणच लावू नये. त्याला विचारावं आणि तो बोलेपर्यंत थांबावं. गाव चालवणाऱ्याला एवढं जमलं नाही, तर त्याची माया कितीही खरी असो, तळं आटतंच.