फलकावरची कुमुद

रविवार, सकाळचे साडेसहा, नगरपालिकेची व्यायामशाळा. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुमुद हेरवाडेला भरलेली कळशीही उचलवेना. आठ महिन्यांनी ती डॉक्टरांची परवानगीची चिठ्ठी घेऊन आली.

व्यायामशाळेचे प्रमुख आप्पासाहेब यांनी चिठ्ठी वाचलीच नाही. व्यायामाला आलेल्या आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "पोट कापून बारीक झालीस बाई, घाम कुठं गाळलास? वजनांना हात लावायचा नाही."

कुमुद म्हणाली, "आप्पा, दारावरच्या फलकावर माझा आत्ताचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'आमच्या व्यायामशाळेची किमया'. किमया डॉक्टरांची असेल तर फलक उतरवा. तुमची असेल तर वजन द्या."

आप्पासाहेबांनी वजन दिलं. कुमुदनं ते पाच वेळा उचललं.

तिला न विचारता तो फोटो कोणी लावला, हे मी नगरपालिकेत तीनदा विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.