फुगा कुणाचा उभा राहिला

आलं, साखर आणि लिंबू आठवडाभर मुरवून तनुजानं घरीच फसफसतं पेय बनवलं होतं. तालुक्याच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला, तर तिचा धंदा सुरू होणार होता. पण परवानगी दादासाहेब निकमांच्या हातात होती, आणि सोड्याचा कारखानाही त्यांचाच.

"पोरी, असा फेस घरात होत नसतो," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "माझाच सोडा आणून त्यात आलं पिळलंयस. बीएस्सी झालीस म्हणून आम्हाला शिकवू नकोस."

"नाही शिकवत, दादासाहेब. बाटल्यांनाच विचारू."

तिनं एक बाटली आपली, एक त्यांची घेतली. फेस पार मरेपर्यंत दोन्ही ढवळल्या, चमचा-चमचा साखर घातली, तोंडावर फुगे बांधले आणि उन्हात ठेवल्या.

संध्याकाळी दादासाहेबांचा फुगा मान टाकून पडला होता. तनुजाचा ताठ उभा होता.

"तुमचा गॅस बाहेरून भरलेला, एकदा गेला की गेला," ती म्हणाली. "माझ्या बाटलीतलं विरजण जिवंत आहे, साखर मिळाली की पुन्हा गॅस करायला लागतं. तुमचा सोडा आणला असता, तर माझाही फुगा निजला असता ना?"

लोक हसले. दादासाहेबांनी पेन काढलं. "कुठला स्टॉल हवा?"

"तुमच्या शेजारचा."