पुरे कुणी म्हणायचं

"पण अक्का, सगळं गावच एका तोंडाने सांगत असेल, तर नाही म्हणणारा मी कोण?"

मल्लिनाथने चपला काढता काढताच हे विचारलं. नमस्कार राहिलाच होता. मग तो त्याने घाईघाईने उरकला.

अक्का मठाच्या ओट्यावर बसून पत्रावळी पुसत होत्या. हातातली पुसून झाली. त्यांनी दुसरी घेतली.

"काय सांगतं गाव?"

"मंडईतलं पाळणाघर बंद करा म्हणतं."

"हं..."

एवढंच.

मल्लिनाथ उंबरजे याच मठाच्या बोर्डिंगात वाढला. इथलं खाऊन, इथली अंगणं झाडून शिकला. पुढे शहरात कॉलेज केलं, परत आला आणि डोंगराखालच्या गावाचा नगराध्यक्ष झाला. तिशी अजून गाठली नव्हती. आधीच्या अध्यक्षांनी गावाला कधी काही विचारलं नव्हतं. हा सगळं विचारूनच करायचा. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान लपत नव्हता.

अक्का मठाच्या प्रमुख. वय झालेलं, बोलणं मोजकं. गावातली मोठमोठी माणसं त्यांच्यापुढे आली की आवाज खाली आणायची.

"यंदा वरून अनुदान कमी आलंय," मल्लिनाथ सांगू लागला. "काहीतरी बंद करणं भाग आहे. चार माणसांत बसून मी गुपचूप ठरवू शकलो असतो. नाही ठरवलं. वॉर्डावॉर्डात सभा घेतल्या. सरळ विचारलं, सांगा, कुठला खर्च कमी करू?"

"मग?"

"आधी तर टाळ्याच पडल्या. खर्च कमी करा म्हटलं की नको म्हणणारा माणूस सापडत नाही. मग म्हटलं, आता नावं घ्या. तिथून गंमत सुरू झाली. वरच्या आळीला खालच्या आळीचे दिवे नकोत. खालच्या आळीला नव्या कॉलनीतलं कारंजं नको. कॉलनीवाले म्हणाले, वाचनालयात म्हातारे नुसते पंख्याखाली झोपतात. म्हातारे म्हणाले, तालमीवर कशाला पैसा घालता? पोरं जोर कमी काढतात अन् फोटो जास्त."

"खरंय का ते?"

"कोणतं?"

"फोटोचं."

मल्लिनाथला हसू आलं. "खरंय."

"अन् पाळणाघर?"

"त्यावर मात्र सगळ्यांचं जमलं, अक्का! वरची आळी, खालची आळी, कॉलनी, तालीम... सगळे. आमच्या गावात आज वार कोणता यावरसुद्धा एवढं एकमत होत नाही. भाजीवाल्या बहुतेक बाहेरच्या वाड्यांवरून येतात. लोक म्हणतात, पोरं त्यांची, आम्ही का सांभाळायची? घरी आज्या नाहीत का त्यांच्या?"

"भाजीवाल्यांना विचारलंस?"

या प्रश्नाची तो वाटच बघत होता.

"विचारलं तर! मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनीही हात वर केले. कमी पडले."

"बोलल्या काही?"

इथे तो जरा अडखळला.

"एक शेवंता म्हणून आहे. म्हणाली, साहेब, एका पाटीत वांगी आणि पोर दोन्ही मावत नाहीत. कुणाला खाली ठेवू?"

"मग?"

"लोक हसले."

"तू?"

"मीही... हसलो."

अक्कांनी पत्रावळीच्या कडेची एक सुटलेली काडी पुन्हा टोचून बसवली. मल्लिनाथ बघत राहिला. त्यांनी रागवावं, काहीतरी म्हणावं, असं त्याला वाटत होतं. म्हटलं असतं तर वाद घालता आला असता.

"मंडईसमोरच ट्रक मागे घेतात," तो आपणहून म्हणाला. "पोरं तिथंच रांगणार. कळतं मला. पण गावाचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं? उद्या सभेत ठराव येतोय. सही माझी आहे. सांगा ना, यात माझं चुकलं कुठे?"

अक्का उठल्या. पत्रावळींचा गठ्ठा त्याच्या हातात दिला.

"पंगतीची वेळ झाली. वाढणारा माणूस कमी आहे. आधी वाढ."

"अक्का, मला खाली लवकर..."

"बाह्या वर कर. इस्त्री मोडेल."

मठात दुपारी दासोह असतो. येईल त्याने बसायचं आणि जेवायचं. कोण, कुठला, हे विचारायचं नाही. त्या दिवशी नेहमीच्या माणसांत एक बँडपार्टी येऊन मिळाली होती. लग्नाला निघालेल्या त्यांच्या जीपने घाटातच अंग टाकलं होतं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, आणि चेहरे उपाशी. ढोल, ताशे बाहेर पिंपळाखाली ठेवून ती माणसं ओळीने पानांवर बसली होती.

भाकरी-आमटी फिरली. मग आचारी सातलिंगने भाताचं पातेलं मल्लिनाथकडे दिलं आणि कानाशी म्हणाला, "जपून वाढ रे अध्यक्षा. माणसं वाढली. भात बेताचा हाय."

मल्लिनाथ वाकला. किती वर्षांनी वाढत होता, पण हात विसरले नव्हते.

"वाढू?"

"थोडा."

"वाढू?"

"नको, नको. पुढं द्या."

"वाढू का, आजोबा?"

आजोबांनी एक हात पानावर आडवा धरला आणि दुसऱ्याने लाल कोट दाखवले. "मला बास. ह्यांना वाढ. ह्यांना रातभर वाजवायचंय, मला काय, झोपायचंय."

मल्लिनाथ ऐकत होता आणि ऐकतही नव्हता. मनात आपली सभा चालू होती. शेवंताची पाटी चालू होती.

पुढच्या पानावर तो वाकला आणि थबकला. पानावर अक्का बसल्या होत्या.

अक्का सगळ्यांच्या मागून जेवत. आजवर त्यांना पहिल्या पंगतीत कुणी पाहिलं नव्हतं.

"वाढ," अक्का म्हणाल्या.

त्याने वाढला.

"आणखी."

त्याने वाढला.

"आणखी."

अक्कांच्या पानात भाताचा ढीग झाला. सातलिंग दारातून डोळे मोठे करून बघत होता.

अक्कांच्या शेजारी सुखदेव ट्रंपेटवाला बसला होता. त्याची भाकरी केव्हाच संपली होती. त्याने आपलं पान बोटभर पुढे सरकवलं. मल्लिनाथने भातवाढी भरली.

अक्कांनी हात लांब केला आणि सुखदेवच्या पानावर पालथा ठेवला.

"पुरे."

भातवाढी हवेतच राहिली.

सुखदेवला ती थट्टा वाटली. "अक्का, ते माझं पान हाय. तुमचं तिकडं."

"ठाऊक आहे. पुरे."

"अवो, ट्रंपेट फुंकायला पोटात वारा लागतो. अन् वारा काय रिकाम्या पोटात ठरतो व्हय?"

सगळी ओळ हसली. अक्का हसल्या नाहीत. हात तसाच.

"हा काही रोज येत नाही," त्या मल्लिनाथला म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा. "लग्नवाल्यांचा माणूस. जेवू घालायचं त्यांनी. तू पुढे हो."

हसू विरलं. कुणाच्या तरी हातातलं भांडं जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. सुखदेव कोटाच्या बाहीची गुंडी फिरवत राहिला. मग खाली बघत त्याने पान हळूच मागे ओढलं. अक्कांचा हातही पानाबरोबर मागे गेला.

मल्लिनाथची कानशिलं तापली. अक्कांवर राग येण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"अक्का, हे बरं नाही."

"काय?"

"तुमच्या पानात ढीग आहे."

"आहे."

"आणि भूक त्याला लागलीय!"

"असं तुला वाटतं. आपण पंगतीला विचारू." अक्कांनी ओळीवरून नजर फिरवली. "काय हो, याला पुरे ना?"

अक्कांना नाही कसं म्हणायचं? पलीकडच्या एकाने मान हलवली. मग त्याच्या शेजाऱ्याने हलवली. "आता अक्काच म्हणत्यात तर... असंल," कुणीतरी पुटपुटलं. ज्यांना वर बघवत नव्हतं, त्यांनी आमटीत बोट फिरवलं.

"बघ," अक्का म्हणाल्या. "एकमत."

"एकमत कसलं डोंबलाचं!" मल्लिनाथ ओरडलाच. "पुरे म्हणायचं तर ज्याने त्याने आपल्या पानावर हात ठेवून म्हणायचं! दुसऱ्याच्या पानावर हात ठेवत नसतात! पंगतीची रीत आहे ती. तुम्हीच शिकवलीत, इथंच, या फरशीवर..."

तो थांबला.

अख्खी पंगत त्याच्याकडे बघत होती. सातलिंगही. मल्लिनाथच्या एका हातात पातेलं होतं, दुसऱ्या हातात भरलेली भातवाढी, आणि तोंड उघडंच राहिलं होतं.

अक्कांनी सुखदेवच्या पानावरचा हात उचलला.

"वाढ त्याला."

मल्लिनाथने वाढला. दुसऱ्यांदा भातवाढी भरली, तेव्हा सुखदेवने घाईने पानावर हात धरला. "बास, बास. मागं आमची माणसं हाईत."

"राग धरू नकोस हं, बाबा," अक्का त्याला म्हणाल्या. "तुझं पान जरा उसनं घेतलं होतं."

"घ्या की," सुखदेव तोंडात घास ठेवून म्हणाला. "भातासकट परत दिलंत, आणखी काय पायजे?"

आता कुठे लोक मोकळेपणी हसले. अक्का उठल्या. ढिगाचं ते पान त्यांनी उष्टावलं नव्हतं. ते उचलून त्यांनी ओळीच्या टोकाला ढोलवाल्यापुढे ठेवलं आणि रोजच्यासारख्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

मल्लिनाथ उरलेल्या ओळीतून पुढे सरकला. वाढू? थोडा. वाढू? पुरे. कुणी बोटांच्या टोकांनी नको म्हणत होतं, कुणी सगळा तळवा पसरून. एका लाल कोटवाल्याने तर दोनदा मागून घेतला, तिसऱ्यांदा लाजला. या खेपेला मल्लिनाथ चेहऱ्यांकडे बघत नव्हता, हातांकडे बघत होता. प्रत्येक हात आपापल्या पानावर.

पातेलं खरवडलं गेलं, तेव्हा त्याच्या स्वतःपुरते चार घास निघाले. ते त्याने उभ्यानेच खाल्ले.

बँडवाले जीप ढकलायला निघून गेले. अक्का आडाजवळ हात धूत होत्या. मल्लिनाथ पाणी घालत होता. शर्टावर आमटीचा डाग पडला होता, तो त्याने पुसलाही नव्हता.

"उद्या मी तो ठराव मांडणार नाही," तो म्हणाला. "पाळणाघर चालू राहील. शेवंताला आज संध्याकाळीच जाऊन सांगतो."

"सांग."

"पण अक्का, अनुदान कमीच आहे. ते काही खोटं नाही. माझी गाडी सोडतो, भत्ता सोडतो. तरी भागायचं नाही. कुठेतरी हात आखडावा लागणारच. गावाला पुन्हा विचारायला हवं..."

पाण्याची धार थांबली. तो कळशी धरून तसाच उभा होता. सकाळी डोंगर चढताना त्याच्याकडे उत्तर होतं आणि ते बरोबर आहे एवढंच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. आता त्याला खरंच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"काय विचारू त्यांना? कसं विचारू?"

"विचारू नकोस. जेवायला बोलाव."

"कुणाला?"

"गावाला."

"सगळ्या गावाला?"

"भाजीवाल्यांसकट. एकाच पंगतीत."

"अहो अक्का, पैसे नाहीत म्हणून तर हे सगळं चाललंय!"

अक्कांनी पदराला हात पुसले.

"म्हणून तर बोलाव. आणि आचाऱ्याला सांग... भात थोडा कमीच टाक."