डोहातली झुमा

फार पूर्वी आफ्रिकेतल्या एका रानओढ्यात झुमा नावाची मासोळी राहायची. तिच्या अंगात वीज होती. माणसांनी पाण्यात विष कालवून मासे धरले, त्यात तिची सगळी जात मेली. उरली ती एकटी, आणि बिळातली तिची अंडी.

त्या उन्हाळ्यात ओढा आटत आटत एका डोहापुरता राहिला. दाटीत कुणाचा ना कुणाचा झुमाला धक्का लागे आणि त्याला विजेचा झटका बसे. शेवटी म्हातारा मासा मकोबा सगळ्यांना घेऊन बिळापाशी आला.

"झुमा, आजच्या आज डोह सोड."

"काका, बाहेर चिखल आहे, काठावर बगळे टपलेत. अंडी फुटेपर्यंत तरी राहू द्या."

"आणि तोवर आमची पोरं मेली तर?"

एवढ्यात पाणी ढवळलं. एक भुकेलं पाणमांजर डोहात शिरलं आणि त्यानं मकोबाच्या नातीची शेपटी धरली. मासे भीतीनं कडेला दबले. झुमा बिळाच्या तोंडाशी घुटमळली. ती पुढे गेली, तर अंडी उघडी पडणार होती.

"काका, माझी अंडी सांभाळा!" असं ओरडून ती पाणमांजरावर धावली. डोहभर वीज कडाडली. पाणमांजर किंचाळत काठावर पळालं. नात सुटली.

झटक्यानं सगळेच लुळे पडले होते. तरी झुमा परतली, तेव्हा मकोबा अंडी राखत बिळाच्या तोंडाशी आडवा उभा होता. त्याचं अंग अजून कापत होतं.

"सरका रे," तो इतरांना म्हणाला, "झुमाला घरी जायचंय."